पाइप सुटला होता

भूत, मुंज्या, करणी या विषयांवर माझ्याकडून कुणी काही अपेक्षा ठेवू नये. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली आणि नंतर सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेलेली बाई आहे. बिघाड असतो, त्याला कारण असतं, आणि कारण सापडलं नाही तर ती शोधणाऱ्याची चूक... एवढाच माझा धर्म. या सदरातले अनुभव मी वाचते आणि बहुतेक वेळा हसून पान उलटते. तरीही आज लिहितेय, कारण माझ्याकडे एक बिघाड असा आहे जो व्हायलाच हवा होता — आणि झाला नाही.

आधी माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. कसबा पेठेत ते कार्ब्युरेटरची कामं करायचे. दुकान म्हणजे एक फळी, एक शिकंजा आणि रॉकेलची परात. शाळेतून आले की मी त्यांच्या शेजारी बसून जेट, म्हणजे पेट्रोल येतं ती बारीक भोकाची पितळी नळी, साफ करायचे. जेटमध्ये तार घालायची नाही, फुंकर मारायची, कारण तारेनं भोक मोठं होतं — हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. मुलीला हे काय शिकवताय, असं गल्लीतले लोक त्यांना विचारायचे. अप्पा पुढचा स्क्रू माझ्या हातात द्यायचे.

नव्वद सालानंतर रस्त्यावरच्या गाड्या बदलत गेल्या. लोकांनी जुन्या स्कूटर विकल्या, नव्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायला लागल्या. अप्पांची परात दिवसचे दिवस कोरडी राहायची. त्याच सुमारास खडकवासल्याच्या बॅकवॉटरला, पानशेत रस्त्यावर एक बोटिंग क्लब निघाला. नाव लिहीत नाही. नव्या आयटीवाल्यांनी शनिवार-रविवार यावं, पाण्यात मजा करावी, जेवून जावं, असा सगळा बेत. तिथल्या इंजिनांची देखभाल करायला माणूस हवा होता. अप्पा साठीला आले होते, पण आठवड्यातून तीन दिवस जायला लागले. खूश होते. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. सुट्टीच्या दिवशी कधीकधी त्यांच्याबरोबर जायचे.

तिथे एक सेफ्टी बोट होती. म्हणजे कुणी पाण्यात पडलं, उलटलं, तर काढायला जायची बोट. तिच्या मागच्या फळीला एक जुनं इंजिन लटकवलेलं — पंचवीस हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, कुठून तरी सेकंडहँड आणलेलं. पेट्रोलची टाकी बोटीच्या तळाशी सुटी ठेवलेली असते. टाकीपासून इंजिनापर्यंत एक रबरी पाइप जातो आणि त्या पाइपच्या मध्ये एक रबरी फुगा असतो. सुरू करायच्या आधी तो फुगा हातानं दाबून पेट्रोल वर चढवायचं. पुढचं काम इंजिनाचा पंप करतो. बस, इतकंच समजलं तरी पुढचं सगळं समजेल.

या इंजिनाला एक खोड लागली होती. काठावर उत्तम चालायचं. पाण्यात फुल्ल थ्रॉटल दिला की आठ-दहा मिनिटांनी गुदमरल्यासारखं व्हायचं आणि बंद पडायचं. फुगा दाबला की परत चालू. अप्पांनी एका रविवारी मला बरोबर घेऊन एकेक गोष्ट तपासली. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा होता. फिल्टर स्वच्छ. पंपाचा पडदा नवा टाकला. कार्ब्युरेटर तर त्यांनी डोळे मिटून खोलला असता. काहीच दोष नाही. मग आम्ही बोट पाण्यात घातली, आणि इंजिन घुसमटायला लागलं तेव्हा अप्पांनी मला फुग्याकडे बघायला सांगितलं. फुगा चपटा होत चालला होता. म्हणजे इंजिन ओढत होतं, पण मागून पेट्रोल येतच नव्हतं. काठावर येऊन त्यांनी टाकीकडच्या बाजूचा पाइप दोन इंच कापला आणि उभा चिरला. आतला थर सुटून कातडीसारखा लोंबत होता. ओढ वाढली की तोच थर पाइप बंद करायचा.

कारण सापडलं. अप्पांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मी पुन्हा पाहिला नाही.

त्यांनी बाजारातून दुसरा चांगला पाइप आणून बसवला. क्लबचे मॅनेजर होते सबनीस. त्यांनी तो काढायला लावला. इन्शुरन्सवाले बघतात, ओरिजिनल पार्टच पाहिजे, मुंबईहून मागवतो, तोवर जुनाच राहू द्या, असं म्हणाले. अप्पांनी लेखी अर्ज दिला की पाइप येईपर्यंत ही बोट माणसं काढायला वापरू नये, आणि वापरलीच तर दोन माणसं पाठवावीत, एक इंजिनावर आणि एक फुग्यावर. महिन्याभरानं दुसरा अर्ज दिला. कॉपी एकाचीही ठेवली नाही. अप्पांच्या पिढीतल्या साध्या माणसाला आपल्याच कागदाची कॉपी ठेवायची म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटायचं.

मे महिन्यात एका बुधवारी दुपारी वळवाचं वारं सुटलं आणि एक पॅडल बोट उलटली. अप्पांचा तो सुट्टीचा दिवस. सेफ्टी बोटीवर किसनराव एकटेच गेले. किसनराव म्हणजे तिथले बोटवाले, जवळच्याच गावचे, पन्नाशीचे. वाटेत इंजिन तीनदा बंद पडलं. ते पोचेपर्यंत अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आलेला एक माणूस बुडाला होता.

चौकशी झाली. इंजिन तपासायला जो माणूस आला त्यानं ते काठावर पाच मिनिटं चालवून बघितलं. अर्थातच उत्तम चाललं. अर्ज? असे कुठले अर्ज आमच्याकडे आलेलेच नाहीत, सबनीसांनी सांगितलं. किसनरावांना विचारलं की मेकॅनिकनं तुम्हाला काही सांगितलं होतं का. किसनराव म्हणाले, "मला काय म्हाईत न्हाई." ते हे बोलले तेव्हा अप्पा त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते.

कागदावर आलं ते असं — मेकॅनिकचा हलगर्जीपणा. शिक्षा वगैरे काही झाली नाही. नोकरी गेली, आणि पेठेत लोक हळू आवाजात बोलायला लागले. अप्पांनी पाना हातात धरणं सोडलं. बुडालेल्या माणसाच्या मोठ्या भावाला मी अकोल्याला पत्र लिहिलं, अर्जांबद्दल सगळं सांगितलं. उत्तर आलं नाही. दीड वर्षानं अप्पा गेले. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. मी वाद घातला नाही.

इथपर्यंत यात अमानवीय काहीच नाही. उलट सगळं फार मानवी आहे.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, पुन्हा मे महिन्यातच, आमच्या कंपनीची टीम आउटिंग ठरली. आई आणि मी तोवर वारज्याला राहायला आलो होतो. एचआरच्या मेलमध्ये रिसॉर्टचं नाव नवीन होतं, म्हणून मला काही कळलं नाही. बस पानशेत रस्त्याला लागली तेव्हा कळलं. फाटक नवं, रंग नवा, पाटी नवी... आणि स्वागताला सबनीस. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच, मेकॅनिकची मुलगी त्यांनी कधी नीट बघितलीच नव्हती.

सगळे जेवत असताना धक्क्यावर गेले. सेफ्टी बोट तीच. इंजिनाच्या टोपणाला निळा रंग दिला होता, पण खालच्या ब्रॅकेटला अप्पांनी मारून आणलेलं वेल्डिंग तसंच होतं. किसनराव बोटीतलं पाणी उपसत होते. त्यांनी मान वर केली आणि थांबले.

"अप्पांची पोर ना तुमी?"

मी पाइपबद्दल विचारलं. ते पुन्हा पाणी उपसायला लागले. उपसता उपसताच खालमानेनं म्हणाले, "त्योच हाय. बदलला असता तर पाइपच खराब हुता आसं झालं आसतं ना, ताई."

मी वळले आणि टीममध्ये परत गेले.

चारच्या पुढे पश्चिमेकडून काळं आलं आणि बघता बघता वारं सुटलं. सगळे पाण्याबाहेर आले, फक्त एक पॅडल बोट राहिली. तिच्यात आमच्या टीममधला नितीन आणि सोनल. नितीन माझ्या समोरच्याच डेस्कवर बसायचा, अमरावतीचा, पोहता न येणारा. वारं त्यांना काठापासून दूर लोटत होतं. पॅडल मारून काही उपयोग होत नव्हता. मग लाटेनं ती बोट आडवी झाली आणि उलटली. दोघं तिला धरून लोंबत होते.

किसनराव बोटीकडे धावले. आता मात्र सबनीसही धावले. एवढ्या लोकांसमोर मागे राहणं शक्य नव्हतं. मी त्यांच्या मागोमाग बोटीत चढले. सबनीस ओरडले की मॅडम तुम्ही उतरा. मी सांगितलं की फुगा दाबायला माणूस लागतो. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पण तोवर किसनरावांनी दोरी ओढली होती. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

पुढचं मी जितकं आठवतं तितकंच लिहिते.

मी तळाशी गुडघ्यांवर बसून फुगा दाबत होते. अप्पांची पद्धत होती — तीन वेळा दाबायचा, थांबायचं, पुन्हा तीन वेळा. आम्ही काठापासून साधारण शंभर-दीडशे मीटर आलो असू. एक मोठी लाट आडवी आली, बोट उचलली गेली आणि आपटली. टाकी घसरून पुढे गेली, तिच्याबरोबर पाइप ताणला गेला आणि इंजिनाच्या बाजूची क्लिप निसटली. मी फुग्यासकट उताणी पडले. उठले तेव्हा पाइपचं टोक माझ्यासमोर, तळाच्या पाण्यात पडलेलं होतं. इंजिनावरचा सॉकेट उघडा दिसत होता. मी टोक उचलून लावायला गेले तर क्लिपचा खिळा तुटलेला. धरूनच ठेवायला हवं होतं, पण पुढच्या लाटेनं मला परत खाली पाडलं, आणि मग दोन्ही हातांनी बोटीची कड धरल्याशिवाय इलाज नव्हता.

मला माहीत होतं आता काय होणार. पाइप सुटला तर कार्ब्युरेटरच्या वाटीत जेवढं पेट्रोल आहे तेवढंच. फुल्ल थ्रॉटलला अर्धं मिनिट, फार तर पाऊण. मी मनात आकडे मोजायला लागले. तीस झाले. साठ झाले. शंभर झाले... इंजिन एका सुरात चालत होतं. आजवर ते इंजिन इतकं स्वच्छ चाललेलं मी ऐकलं नव्हतं.

आणि मग माझं लक्ष फुग्याकडे गेलं. तो माझ्यापासून हातभर लांब, तळाच्या पाण्यात पडला होता. त्याच्याजवळ कुणी नव्हतं. तो दाबला जात होता. तीन वेळा आत जायचा, थांबायचा, पुन्हा तीन वेळा. लाटांमुळे हलत होता म्हणाल, तर लाटा काही मोजून येत नव्हत्या. आणि पाइपचं टोक उघडं असताना फुगा दाबला तर पेट्रोलची पिचकारी उडते. तिथून एक थेंब बाहेर येत नव्हता.

मी किसनरावांकडे बघितलं. ते थ्रॉटल धरून होते, आणि त्यांची नजर समोर नव्हती, फुग्यावर होती. आमची नजरानजर झाली. सबनीस पुढच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, बुडणाऱ्याकडे फेकायची रिंग हातात घेऊन उभे होते. त्यांनी एकदाही मागे बघितलं नाही.

आम्ही पोचलो. सोनलला आधी घेतलं. नितीनचे हात सुटत आले होते, त्याला सबनीसांनी आणि मी मिळून आत ओढलं. तेवढा वेळ इंजिन हळू गतीवर चालत राहिलं. मग बोट वळवली आणि वाऱ्याविरुद्ध परत. धक्क्याला लागल्यावर किसनरावांनी बटण दाबून बंद केलं तेव्हा बंद झालं. आमचा टीम लीड काठावरून सारखा ॲम्ब्युलन्सला फोन लावत होता. त्याच्या मोबाइलमधल्या वेळा मी नंतर पाहिल्या. पहिला फोन आम्ही निघालो तेव्हाचा, शेवटचा धक्क्याला लागलो तेव्हाचा; सुरुवातीची मिनिटं वजा केली तरी पाइप सुटल्यापासून धक्क्यापर्यंत किमान बारा मिनिटं होतात.

सगळे नितीन आणि सोनलभोवती जमले होते. मी इंजिनाचं टोपण काढलं. कार्ब्युरेटरच्या वाटीखाली एक स्क्रू असतो, तो सैल केला की आतलं पेट्रोल खाली येतं. नाण्यानं तो सैल केला, खाली तळहात धरला. काही आलं नाही. वाटी कोरडी ठणठणीत होती. किसनराव बघत होते. मी त्यांना दोरी ओढायला सांगितलं. त्यांनी सात-आठ वेळा ओढली. इंजिन हूं की चूं करेना.

तेवढ्यात सबनीस आले. मागे आमची निम्मी टीम. इंजिनावर हात ठेवून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "बघितलंत ना आपण? याच इंजिनावर पूर्वी नाही नाही ते आरोप झाले. यात कधीच दोष नव्हता. तेव्हा माणूस चुकीचा ठेवला होता."

मी म्हटलं, "पाइप सुटला होता. जाताना अर्ध्या वाटेतच सुटला."

त्यांनी शांतपणे माझ्याकडे, मग पाइपच्या टोकाकडे बघितलं.

"मॅडम, सुटला असता तर आपण आत्ता इथे उभे नसतो."

माझ्याच धर्मातलं वाक्य होतं ते. मी किसनरावांकडे वळले. म्हटलं, तुम्ही बघितलंय, सांगा यांना. ते दोरी गुंडाळत राहिले.

"आता धक्क्याला लागताना निसटला आसंल. म्या काय बघितलं न्हाई."

दुसऱ्यांदा.

एवढ्यावर मी गप्प बसले नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून परत गेले, जुना पाइप ताब्यात घ्यायला. निदान तो चिरून दाखवता आला असता. सेफ्टी बोटीवर कोरा करकरीत नवा पाइप बसवलेला होता. जुन्याचं विचारलं तर भंगारात गेला म्हणाले. कुठल्या भंगारात, ते कुणाला आठवत नव्हतं.

आठवड्याभरानं पेपरच्या आतल्या पानावर बातमी आली. वादळात प्रसंगावधान, दोघांना जीवदान, वगैरे. सबनीसांचा इंजिनावर हात ठेवलेला फोटो होता. आणि त्या बातमीनंतर अकोल्याचं पत्र कसब्याच्या जुन्या पत्त्यावरून फिरून आलं, इतक्या वर्षांनी. बुडालेल्या माणसाच्या भावाला कुणीतरी कात्रण पाठवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की तुमचं आधीचं पत्र मी जपून ठेवलं होतं, तुमच्या वडिलांची चूक नसावी असं मला वाटायला लागलं होतं. पण त्याच इंजिनानं भर वादळात दोन माणसं सुखरूप आणली असं वाचलं. मग आमच्या वेळी ते का बंद पडलं? याचं उत्तर तुमच्या वडिलांनाच ठाऊक असणार. यापुढे पत्र लिहू नये ही विनंती.

मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते असते तर आधी माणसंच काढली असती त्यांनी. बाकीचं नंतर बघितलं असतं."

आईला त्यात समाधान मिळालं. मला नाही. ते अप्पाच होते असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा काय? ओळखीच्या दोन इंजिनिअरांना मी विचारलं. एक म्हणाला वाटी मोठी असेल. मी ती वाटी हातात घेऊन धुतलेली आहे, अर्ध्या कपाएवढीही नाही. दुसरा म्हणाला, घाबरलेल्या माणसाला मिनिटाची दहा मिनिटं वाटतात. असेल. मग कोरडी वाटी कुणाला वाटली? कुठलंच स्पष्टीकरण पूर्ण बसत नाही, आणि मी आता शोधायचं सोडून दिलंय.

पण समजा... समजा ते अप्पाच होते. तर मला त्यांचा राग येतो. ज्या इंजिनानं त्यांचं नाव घालवलं, तेच त्यांनी सबनीसांसमोर, पन्नास साक्षीदारांसमोर, निर्दोष चालवून दाखवलं. फक्त ते जर बंद पडलं असतं, एकदाच, तिथे, तर सगळ्यांना कळलं असतं.

त्यानंतर तीन वर्षं नितीन माझ्या समोर बसला. लग्न झालं, मुलगी झाली, पेढे घेऊन पहिल्यांदा माझ्याच डेस्कवर आला. तुमच्यामुळे आहे मी, म्हणाला. मी पेढा घेतला, हसले. आणि त्याच्याकडे बघत असताना माझ्या मनात आलं की इंजिन बंद पडायला हवं होतं.

असं एकदाच नाही आलं. त्या तीन वर्षांत कितीतरी वेळा आलं. इंजिन कसं चाललं हे मला माहीत नाही, आणि कधी कळेल असं वाटत नाही. हे मात्र माहीत आहे.